पिल्लाचा सोमवार

आहुप्याहून परत आल्यापासून शिक्षकांच्या खोलीत मला रोज एकच प्रश्न विचारला जातो: कडा पाहिलात का? पाहिला. कडा होता तिथेच आहे, त्याच्या पायथ्याशी कोकण पसरलेलं आहे आणि सकाळी दरी धुक्याने काठोकाठ भरते. पण खोटं कशाला बोलू? या खेपेला मी कड्याकडे कमी आणि दोन महिन्यांच्या एका कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीखाली जास्त पाहिलं. ज्यांना निव्वळ निसर्गवर्णन हवं असेल त्यांनी आमच्या भूगोलाच्या मास्तरांना गाठावं. ते आहुप्याला कधी गेलेले नाहीत, पण वर्णन फार सुंदर करतात.

मी चित्रकलेचा मास्तर. गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत कड्याची चित्रं काढायला म्हणून आहुप्याला गेलो आणि पहिल्याच दिवशी ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून घसरून घोटा मुरगळून घेतला. नऊ दिवस बायजाबाईंच्या पडवीत पडून होतो. बायजाबाई पन्नाशीच्या, एकट्या. वाडीच्या अगदी टोकाला घर, थोडं भात, थोडी नाचणी आणि अकरा शेळ्या. त्यांनी माझा पाय शेकला, मला नाचणीची भाकरी खाऊ घातली आणि नऊ दिवस माझी बडबड ऐकली. या बडबडीत मी, ज्यांच्याकडून चित्रांचा कागद घेतो त्या जुन्नरच्या उस्मानभाईंच्या कुत्रीच्या गोष्टी सांगितल्या. निघताना मी त्यांना विचारलं, तुमच्यासाठी काय आणू? लुगडं म्हणतील, पितळेचं भांडं म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, त्या जुन्नरच्या कुत्रीचं एक पिल्लू आणा.

त्यांचा कुत्रा पावसाळ्यात वाघराने, म्हणजे बिबट्याने, नेला होता. वाडीतली इतर कुत्रीही एकेक करून गेली होती. दिवाळीला आणतो, असा शब्द देऊन मी आलो. उन्हाळ्यात घोडेगावच्या बाजाराला आलेल्या कोणाकडून तरी फिरत फिरत निरोप आला की, बायजाबाईंकडे आता सहाच शेळ्या उरल्यात. आपण पुण्यात बसून शब्द देतो, पण त्याची वाट पाहणारं माणूस रोज संध्याकाळी शेळ्या मोजत असतं, हे तेव्हा मला कळलं.

जुन्नर, गुरुवार

उस्मानभाई हाताने कागद करतात. चिंध्यांचा आणि जुन्या दोरखंडांचा लगदा हौदात ढवळायचा, चटईच्या साच्यावर झेलायचा आणि ओला ताव चुना दिलेल्या भिंतीवर डकवून वाळवायचा. हा धंदा आता उतरणीला लागला आहे; गिरणीच्या कागदापुढे याला कोण विचारतो? तुमच्यासारखे चार वेडे आहेत म्हणून आमची चूल पेटते, असं ते हसत म्हणतात. त्यांच्या कुत्रीचं काम या भिंतीशी. ओल्या तावांना पिठाच्या खळीचा वास येतो आणि मोहल्ल्यातल्या शेळ्या त्या वासाने येऊन ताव चाटतात, खातातसुद्धा. ही कुत्री दिवसभर भिंतीखाली बसते आणि शेळीला न चावता नुसतं अंगावर जाऊन परतवते.

जुन्नरला कोणाच्या घरी गेलं की एक गोष्ट पुणेकराला फार खटकते. पुण्यात पाहुण्याला विचारतात, “जेवून आला असालच ना?” इथे विचारत नाहीत. ताट समोर येतं. उस्मानभाईंच्या पत्नीला आम्ही सगळे भाभी म्हणतो. त्यांनी बाजरीची तव्यावरची भाकरी आणि लसणाची फोडणी दिलेली डाळ पुढे ठेवली आणि मी वाटेत नारायणगावला जेवलो होतो हे सांगायचं मला धैर्य झालं नाही. दोनदा जेवलो. सुखात जेवलो.

पाच पिल्लं होती. मी आपला गोंडस दिसणारं पाहत होतो. उस्मानभाईंनी एक कोरा ताव हातात घेतला आणि पिल्लांसमोर फडाफडा झटकला. चार पिल्लं आईच्या पोटाखाली घुसली. पाचवं, काळं, पुढचा एक पंजा पांढरा असलेलं, दोन पावलं मागे सरलं आणि मग तावाकडे चालून गेलं. उस्मानभाईंनी तेच माझ्या हातात दिलं.

“मास्तर, येक ध्यानात ठेवा,” ते म्हणाले. “वाटंत दूध पाजू नका. कुनी दिलं तरी न्हाई. भाकरीचा तुकडा पान्यात भिजवायचा आन् तेवढाच द्यायचा. हे आईचं दूध सोडून निघालंय, तेचं पोट लई नाजूक हाय.”

मी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वर्गात रोज पाहतो. भाभींनी पिल्लाच्या आईखालचं फडकं टोपलीत घातलं, म्हणजे वासाने त्याला करमेल. पिल्लू टोपलीत जाताना भाभींनी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला, तेव्हा मलाही उगीचच कसंतरी झालं.

घोडेगाव, शुक्रवार

एस.टी.च्या कंडक्टरने टोपलीकडे बोट दाखवून विचारलं, काय आहे? मी म्हणालो, कागद. ते अगदीच खोटं नव्हतं. वर दोन डझन ताव होतेच. नारायणगाव सुटलं नाही तोच तावांच्या कडेने एक काळं शेपूट वर आलं. कंडक्टरने ते पाहिलं, तिकिटांवर भोक पाडता पाडता म्हणाला, “मास्तर, तुमच्या कागदाला शेपूट फुटलं,” आणि पुढे गेला. मग लपवाछपवीत अर्थ नव्हता. पिल्लू बाहेर आलं आणि अख्ख्या गाडीचं झालं.

इथेच माझं चुकलं. दिवाळी नुकतीच झालेली. गाडीत एक माणूस असा नव्हता ज्याच्याजवळ फराळाचा डबा नव्हता. माझ्या शेजारी लोणीच्या एक आजी होत्या. आळेफाट्याला लेकीकडे दिवाळी करून परत निघाल्या होत्या. लेकीने दिलेला डबा त्यांनी उघडला आणि करंजीचा तुकडा पिल्लापुढे धरला. मी नको म्हणालो. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की, मी जणू कोणाच्या लेकराच्या तोंडचा घास काढत होतो. पिल्लाने करंजी खाल्ली. मग मागच्या बाकावरून बुंदी आली. चकली आली. मंचरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा आजी उतरल्या, हॉटेलवाल्याकडून बशीभर दुधाळ चहा घेऊन खिडकीशी आल्या, पिल्लाला पाजला आणि मगच लोणीच्या गाडीकडे गेल्या.

मी उस्मानभाईंना आठवत होतो, पण पिल्लू इतकं खुशीत शेपूट हलवत होतं की, मला वाटलं, उस्मानभाई कागदातले जाणकार, पोटातलं त्यांना काय कळतं? पुणेकराला दुसऱ्याचं शहाणपण पचायला वेळ लागतो. घोडेगाव दोन मैलांवर असताना पिल्लाने माझ्या नव्या काळ्या टोपीत करंजी, बुंदी आणि चहा परत केला. गाडीतले लोक म्हणाले, गाडी लागली. मीही तसंच धरून चाललो. धर्मशाळेत पोचल्यावर टोपी धुतली, ती आकसली, आणि आता ती आमच्या धाकट्याच्या डोक्यावर बरोबर बसते.

आंबेगाव, शनिवार

घोडेगावच्या बाजारात हिरडा विकून परत निघालेली एक रिकामी बैलगाडी मिळाली. गाडीवान धोंडिबा, मिशा मोठ्या, बोलणं मोजकं. घोड नदीच्या काठाकाठाने रस्ता. खोऱ्यात भाताची कापणी चालू होती, खळ्यांवर भात झोडल्याचे धप् धप् आवाज एका काठावरून दुसऱ्या काठावर जात होते, आणि नव्या पेंढ्याचा वास असा होता की, माणसाने नुसता श्वास घेत बसावं. मी चित्राची वही काढली आणि त्याच क्षणी टोपलीतून दुसराच वास आला.

गाडी लागलेलं पोट नव्हतं ते. दर पाव कोसाला पिल्लाला उतरवावं लागत होतं. पातळ, पिवळं, पाण्यासारखं. तिसऱ्यांदा धोंडिबाने विचारलं, ह्येनं खाल्लंय तरी काय? मी यादी सांगितली: करंजी, बुंदी, चकली, चहा. धोंडिबाने शांतपणे ऐकून घेतलं.

“येवढं खाऊन मानूस बी आडवं व्हतं,” तो म्हणाला आणि बैलांना हाकारलं.

आंबेगाव नदीच्या काठी वसलेलं बाजाराचं गाव. धोंडिबाच्याच घरी उतरलो. तोवर पिल्लू मलूल झालं होतं, आणि मी ते केलं जे आजारी जिवाला पाहून प्रत्येक शहरी माणूस करतो. अशक्तपणा आलाय, ताकद हवी, म्हणून म्हशीचं घट्ट दूध मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने पाजलं. धोंडिबाच्या घरच्यांनी मोठ्या प्रेमाने वाटी पुन्हा भरली. रविवारी उजाडता उजाडता त्या दुधाने काय केलं ते लिहीत नाही. भाभींचं फडकं नदीवर नेऊन धुतलं. त्यातला आईचा वास गेला.

आहुप्याची वाट, रविवार

आंबेगावपासून दिवसभराची चाल. पिल्लाला कोटाच्या आत छातीशी धरलं होतं. उजव्या हाताला कारवीने भरलेले उतार, डाव्या हाताला नदी बारीक होत होत ओढा झालेली. एरवी मी दर वळणाला थांबून दहा रेघा मारल्या असत्या. त्या दिवशी वही पिशवीतून निघाली नाही. एका झऱ्यावर पिल्लाच्या तोंडाला पाणी लावलं तर त्याने जीभसुद्धा काढली नाही. नाकाचं टोक कोरडं आणि गरम होतं.

वाटेत शेतातून लोक विचारत, पावणं, पोटाशी काय हाय? आणि कुत्र्याचं पिल्लू म्हटलं की लगेच, थांबा, दूध आनतो. या डोंगरात दूध फार नाही. लोक बिनदुधाचा चहा पितात. आणि तरी प्रत्येक जण घराकडे वळायचा. मी अक्षरशः पळ काढत होतो.

मला भीती वाटत होती, आणि ती स्पष्ट सांगतो. बायजाबाई वर्षभर वाट पाहत होत्या. त्यांच्या दारात मी मेलेलं पिल्लू घेऊन उभा राहणार होतो, आणि ते कोणी मारलं असतं? वाघराने नाही, लोणीच्या आजींनीही नाही. मला सांगितलेलं होतं.

दिवस मावळायला पोचलो. बायजाबाई शेळ्या आत घेत होत्या. चारच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोटातून बाहेर लोंबणारा पांढरा पंजा पाहिला आणि पिल्लू माझ्याकडून घेतलं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी हळूहळू खाली बसली, म्हणजे अंगातलं पाणी आटलं होतं. हिरड्या पाहिल्या. मग एवढंच विचारलं, “दूध पाजलं व्हय?” मी हो म्हणालो. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी कोयता घेतला आणि निघाल्या, मी मागोमाग. वासराला हगवण लागली की इथे कुड्याच्या सालीचा काढा देतात. वाडीला लागूनच आहुप्याची देवराई आहे. आत शिरलं की भर दुपारीही अंधारून यावं अशी दाट. तिच्या कडेलाच कुड्याचं चांगलं हातभर जाड झाड होतं. मी ते बोटाने दाखवलं. बायजाबाई त्याच्याकडे न पाहता पुढे गेल्या आणि उताराने जवळजवळ अर्धा मैल खाली उतरून एका खुरट्या कुड्याची साल त्यांनी खरवडली. परत येताना मी दमून विचारलं, ते वरचं का नाही? म्हणाल्या, त्यो देवाचा, हा आपला. देवराईतली पडलेली काटकीसुद्धा कोणी चुलीला लावत नाही. आमच्याकडे पर्वतीच्या वाटेवरच्या झाडांची काय अवस्था आहे ते मला आठवलं.

काढा जहर कडू. पिल्लाच्या गालाच्या कोपऱ्यातून त्यांनी बोटाने चार थेंब सोडले. मग कोमट पाण्यात गुळाचा खडा आणि मिठाची कणी विरघळवून, कापसाची वात त्यात बुडवून ती त्याच्या तोंडात पिळली. पुन्हा बुडवली, पुन्हा पिळली. “उद्या रातीपत्तूर हेच,” त्या म्हणाल्या. “दुसरं कायबी पोटात गेलं तर जगायचं न्हाई.”

आहुपे, सोमवार

आणि सोमवारी सकाळी वाडी आली.

बायजाबाईंच्या घरी वर्षभरानंतर कुत्रं आलंय, ही साधी बातमी नव्हती. या डोंगरात घरात नवं जनावर आलं की शेजाऱ्यांनी रिकाम्या हाताने बघायला जायचं नसतं. गाय असो, शेळी असो, कुत्रं असो. त्याच्या तोंडाला आपल्या घरचं काहीतरी लावायचं, म्हणजे ते जनावर साऱ्या वाडीला ओळखतं आणि वाडी त्याला. एकेक बाई वाटी घेऊन येत होती. दूध. गाईचं दूध, शेळीचं दूध, एकीने तर साय काढून आणलेली. सात वाट्या ओटीवर ओळीने लागल्या आणि त्यांच्यामागे सात घरं उभी राहिली.

मी पुढे झालो. वर्गात समजावून सांगतो तसं सांगितलं: पिल्लाचं पोट बिघडलंय, दूध त्याला बाधेल. सगळ्यांनी ऐकलं. मग एक जण म्हणाला, पोट बिघडलंय म्हंजी अशक्त झालंय, मग दूध तर पायजेच. त्यावर दोघांनी माना डोलावल्या. मी पुन्हा सांगितलं, आवाज थोडा चढवून. तेव्हा ठकूबाई नावाची म्हातारी, जिच्या घरी एकच गाय आणि तीही आटत आलेली, ती आपली पितळी वाटी पदराखाली घेत हळूच म्हणाली:

“आमच्या घरचं चालत न्हाई का, मास्तर?”

पुण्याचा मास्तर, डोंगरातल्या घरचं दूध नाकारतो; त्याचा या माणसांना एकच अर्थ माहीत होता, आणि तो त्यांना शिकवला होता आमच्यासारख्यांनीच. मी तसं नव्हे, तसं नव्हे म्हणत राहिलो आणि जितकं बोललो तितकं ते जास्त तसंच वाटायला लागलं. दोन बायांनी आपल्या वाट्या उचलल्या. आत घोंगडीवर पिल्लू पोट आत घेऊन धापा टाकत होतं. इकडे आड तिकडे विहीर. दूध पाजलं तर पिल्लू जातं आणि नाही पाजलं तर बायजाबाईंची वाडी दुखावते, आणि मी तर परवा पुण्याला जाणार. बायजाबाईंना इथेच राहायचं होतं.

बायजाबाई कुडाच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. अगदी सहज आवाजात त्या म्हणाल्या, “ठके, वाटी ठेव खाली. आज सोमवार न्हाई का? तेचा उपास हाय.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. आणि काय सांगू, सगळ्या ओटीवरचा ताण एकदम सैल झाला. भीमाशंकर इथून डोंगराच्या एका सोंडेपलीकडे. सोमवार या वाडीत निम्मी माणसं धरतात. ज्याचा उपास आहे त्याला खायचा आग्रह करणारा माणूस या मुलखात जन्मायचा आहे. नाकारणं वेगळं आणि उपास वेगळा. ठकूबाईचा हात पदराखालून बाहेर आला.

वाडीतले सगळ्यात वडीलधारे राघूबाबा तोवर काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. त्यांनी गंभीरपणे विचारलं, फराळाचा का पान्यावरला? बायजाबाई म्हणाल्या, पान्यावरला. राघूबाबांनी पसंतीची मान हलवली आणि म्हणाले, “लहान हाय, पर कडक हाय.”

कोणाला हे खरं वाटलं असेल का? मला विचाराल तर कोणालाच नाही आणि सगळ्यांनाच. ती माणसं खुळी नव्हती. त्यांना फक्त वाटी माघारी नेण्याचा एक मानाचा रस्ता हवा होता, जो मला अर्ध्या तासात सापडला नाही आणि बायजाबाईंना अर्ध्या मिनिटात सापडला. तरी एक बाई दुपारी उकडलेलं रताळं घेऊन आलीच, उपासाला चालतं म्हणून. ते मी खाल्लं. ओटीवरच्या सात वाट्यांतलं दूध एकत्र करून बायजाबाईंनी त्याचा चहा केला आणि ज्यांनी आणलं त्यांनाच पाजला. इतका दुधाळ चहा वाडीत गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता म्हणे. ठकूबाईने दोन वेळा घेतला आणि माझ्याशी पुण्याच्या थंडीबद्दल बोलली.

दिवसभर आम्ही आळीपाळीने वात पिळत होतो. दुपारपर्यंत काही फरक नाही. तिसऱ्या प्रहरी पिल्लाने वात तोंडात धरली आणि सोडेना. मी बायजाबाईंना हाक मारली ती इतक्या जोरात की शेळ्या उधळल्या.

दिवेलागणीला उपास सोडायचा. म्हणजे काय, वाडी परत आली. या खेपेला नुसती बघायला. बायजाबाईंनी नव्या तांदळाची पेज केली होती, गाळून, मिठाची चिमूट घालून, अगदी पाण्यासारखी. करवंटीत दोन चमचे ओतली. पिल्लू घोंगडीवरून उठलं, मागचे पाय लटपटले, बसलं, पुन्हा उठलं आणि करवंटीपर्यंत आलं. एवढी माणसं होती पण चाटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. पेज संपल्यावर त्याने मान वर करून अजून मागितलं. बायजाबाईंनी दिली नाही. राघूबाबा म्हणाले, सोमवारी उपास धरला, आता सोम्याच म्हना तेला. नाव ठरलं.

मंगळवार आणि बुधवार

मंगळवारी सकाळी सोम्या स्वतःच्या पायांनी अंगणाच्या कडेला गेला. आम्ही तिघं, म्हणजे बायजाबाई, राघूबाबा आणि मी, जरा अंतर ठेवून उभे राहिलो. मग जवळ जाऊन वाकून पाहिलं. घट्ट होतं. माझ्या हातून आजवर बरीच चित्रं झाली, दोन-चारांना बक्षिसंही मिळाली, पण कुठल्याही गोष्टीकडे मी इतक्या आनंदाने वाकून पाहिल्याचं मला आठवत नाही. राघूबाबांनी ती बातमी वाडीभर नेली. दुपारी त्याला पेजेतला मऊ भात मिळाला, आणि मला नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि हुलग्याचं कढत माडगं. त्या दिवशी मी कड्यावर जाऊन बसलो आणि सहा चित्रं काढली. सहाही वाईट आली, कारण मी काढता काढता एकटाच हसत होतो.

सोम्याला एव्हाना घराचा, शेळ्यांचा आणि बायजाबाईंच्या लुगड्याचा वास कळला होता. तो त्यांच्या टाचांमागे फिरायचा. शेळ्यांनी आधी त्याला हुंगून सोडून दिलं. मग एकीने शिंग दाखवलं तेव्हा तो दोन पावलं मागे सरला आणि पुन्हा चालून गेला.

बुधवारी निघायचं होतं. पहाटे ओढ्यावर अंघोळ करून, घोंगडी डोक्यावरून घेऊन मी घराच्या मागच्या अंगाने, शेळ्यांच्या वाड्याजवळून परत येत होतो. चार दिवस ज्याला सांभाळत आणलं, ज्याच्या तोंडात वात पिळली, तो वाड्याच्या तोंडाशी उभा राहिला होता. घोंगडीतला माणूस त्याने ओळखला नाही. पाठीवरचे केस उभे राहिले आणि तो भुंकला. तोवर त्याचं भुंकणं मी ऐकलंच नव्हतं. बारीक, फाटका आवाज, पण मागे हटायचं नाव नाही. मी एक पाऊल टाकलं तर तो दोन पावलं पुढे आला.

मला वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. आणि त्याच वेळी घशाशी हसू आलं. मी जागीच थांबलो आणि या भागात परक्या घराजवळ आलेला माणूस ओरडतो तसा ओरडलो, “बायजाबाई, कुत्रं धरा हो.”

बायजाबाई दारात आल्या. त्यांनी सोम्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. मग चौकटीला टेकून तशाच उभ्या राहिल्या. कुत्रं धरायची त्यांना काही घाई नव्हती.